दोन चांदण्या आणि एक फोल्डर

नातेवाइकांच्या लेखी मी ‘कॉम्प्युटरवाली’. लग्नाच्या मांडवात कुणाचा मोबाइल अडकला की मला शोधत येतात, आणि प्रिंटरमध्ये कागद फसला आणि मला काढता आला नाही तर माझ्या शिक्षणाचा उद्धार होतो. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडले तेव्हा बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या. मी नांदेडलाच राहिले आणि क्लासेस, मंगल कार्यालयं, सहकारी संस्था असल्या लोकांना वेबसाइट करून देऊ लागले. त्यातही माझा हात बसला तो एका कामावर. लोक वेबसाइटवर जे फोटो नि कागद चढवतात, ते आत कुठे आणि कोणत्या नावानं ठेवायचे, हे ठरवण्यावर.

हे काय काम आहे, असं माझी सासू अजून विचारते. तिला मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून सांगते. तुम्ही वेबसाइटवर फोटो टाकता तेव्हा तो माहितीच्या तक्त्यात जात नाही. तक्त्यात फक्त लिहिलं जातं की अमुक फोटो अमुक फळीवर, अमुक डब्यात आहे. खुद्द फोटो जाऊन बसतो सर्व्हरच्या एखाद्या फोल्डरमध्ये. डबा हलला आणि चिठ्ठी तशीच राहिली, की साखर म्हणून मीठ हातात येतं. वेबसाइट बनवायची जी तयार साधनं मिळतात त्यांची स्वतःची एक मांडणी असते. सगळं एका फोल्डरमध्ये टाकायचं आणि एकाच नावाच्या दोन फायली आल्या तर दुसरीच्या नावाला पाच-सहा अक्षरांचं शेपूट जोडायचं. दिसायला गबाळं, पण कुणाचं काही हरवत नाही. ज्याला ही मांडणी पसंत नसते तो माझ्यासारखीला बोलावतो.

आणि पसंत कुणालाच नसते. लातूरच्या एका क्लासचे सर मला म्हणाले होते, ‘मॅडम, आमच्याकडं सगळी पोरं हुशार, पण सगळ्यांच्या फोटोचं नाव एकच.’ खरंच होतं. सगळ्यांचे अर्ज भरणारे कॅफेवाले तेच, आणि ते प्रत्येक फाईलला ‘फोटो’ असंच नाव देत. तिथे मी प्रत्येक मुलाच्या क्रमांकाचं फोल्डर करून दिलं आणि सर खूश झाले. एका वधूवर मंडळाच्या बाईंना मात्र मुलींचे फोटो रंगानुसार फोल्डरमध्ये हवे होते. मी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. बाई आजही रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवतात. फिरवू देत.

पण या दिवाळीला लिहायचं ते देवणीकडच्या संस्थेबद्दल.

देवणी म्हटलं की आमच्या भागात आधी गाव आठवत नाही, जनावर आठवतं. पांढरीशुभ्र ती बालंक्या, तोंड काळं ती वानेरा, अंगभर काळे ठिपके ती शेवरा. या जनावरांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवणारी पशुपालकांची एक छोटी संस्था होती. तिला वेबसाइट हवी होती. प्रत्येक जनावराचे तीन फोटो चढवायचे, डावीकडून, उजवीकडून आणि नाकाडाचा जवळून. माणसाच्या अंगठ्यासारखा जनावराच्या नाकाडाचा ठसाही दुसऱ्याशी जुळत नाही, हे मला तिथेच कळलं. संस्थेचा माणूस गावोगाव जाऊन स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायचा, चढवायचा आणि मोबाइल भरला की पुसून टाकायचा. वेबसाइटवर आहेत ना, मग झालं.

संस्थेचे सचिव बिराजदार साहेब. तहसिलातून रिटायर झालेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं आणि त्या कपाटाचा त्यांना पोटच्या पोरापेक्षा जास्त अभिमान. गावानुसार कप्पा, मालकानुसार फाईल, फाईलमध्ये जनावराच्या नावाचा कागद. जनावर विकलं गेलं की साहेब तो कागद जुन्या मालकाच्या फाईलमधून काढून नव्या मालकाच्या फाईलमध्ये लावायचे. ‘आयुष्यात माझा एक कागद गहाळ झाला नाही,’ ते म्हणाले. ‘वेबसाइटनं हेच करायचं. अगदी हेच.’

मी म्हटलं, ‘साहेब, मालक बदलतो. जनावर बदलत नाही. फोल्डर जनावराच्या नंबरचं करू.’

‘नंबर कुणाच्या ध्यानात राहतो? आमच्याकडं माणूस येतो आणि सांगतो, अमुक गावच्या अमुकाची चांदणी. तसंच सापडलं पाहिजे.’

‘आणि एका मालकाकडं दोन चांदण्या असल्या तर?’

‘एका गोठ्यात एका नावाच्या दोन गाई कोण ठेवतो, मॅडम? हाक मारली तर दोन्ही येतील.’

यावर ऑफिसातली सगळी माणसं हसली. माझा मुद्दा हसण्यावारी गेला. पुढच्या खेपेला साहेबांना फायलींच्या नावामागची शेपटं दिसली आणि त्यांचं डोकंच फिरलं. ‘हे काय? चांदणी, डावी बाजू, आणि पुढं ही कसली बाराखडी? काढा हे शेपूट.’ शेपूट काढायचं म्हणजे त्याच नावाची नवी फाईल आली तर ती जुनीच्या जागी बसणार आणि जुनी कायमची पुसली जाणार. तेही मी समजावलं. साहेब म्हणाले, ‘तेच तर पाहिजे. नवा फोटो आला की जुना कशाला?’ ग्राहक देव असतो म्हणतात. मी देवाचं ऐकलं आणि तसा प्रोग्रॅम लिहून दिला. गाव, मालक, जनावराचं नाव. विक्रीची नोंद झाली की फोल्डर उचलून नव्या मालकाकडं. शेपूट बंद.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला वेबसाइट दाखवायचे.

मग एक दिवस नागनाथमामा माझ्या नांदेडच्या ऑफिसात आले. देवणीजवळच्या खेड्यातले, साठीपुढचे, डोक्याला पांढरा पटका, काखेत कापडी पिशवी. मी त्यांना ओळखत नव्हते. उदगीरहून पहिली बस धरून आले होते. खुर्ची दिली तरी बसेनात.

‘माय, तूच का ती कंपूटरवाली?’

‘हाव मामा, मीच. बसा तर.’

‘बसतो नंतर. आधी मला सांग, माही गाय काळ्या तोंडाची कधी झाली?’

घडलं होतं ते असं. मामांकडं चांदणी नावाची शेवरा गाय होती. तिच्या पोटचा खोंड, सरदार, आता वयात आला होता. संस्थेकडून पैदाशीसाठी वळू निवडले जाणार होते, आणि सरदारची चाल, वशिंड, शिंगं पाहून सगळेच म्हणत होते की हा निवडला जाणार. पण निवडीला आईची नोंद लागते. साहेबांनी वेबसाइट उघडली तर चांदणीच्या नावापुढे शेवरा लिहिलेलं आणि फोटो वानेराचा. काळं तोंड, अंगावर एक ठिपका नाही. तपासणीला येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगून टाकलं, आईची नोंद जुळत नसेल तर खोंड बाद.

‘बाद म्हंजी काय, मालूम हाय का तुला?’ मामा म्हणाले. ‘वळू म्हून निवडला तर ऱ्हातो. न्हाई तर बडवावा लागतो, खच्ची करावा लागतो, आन्‌ औताला जुपावा लागतो. मोकळा खोंड दाराशी ठेवणं ह्या वयात मला झेपत न्हाई. एकदा बडवला की मंग तुमची नोंद सापडली काय न्‌ न्हाई काय.’

मी विचारलं, ‘तपासणी कधी आहे?’

‘परवा. गावात लोक म्हणून राहिलेत, नागनाथनं दुसऱ्याच गाईचा खोंड चांदणीचा म्हून दाखवला. माह्या तोंडावर न्हाई म्हणत, पारावर म्हणतात.’ एवढं बोलून ते खुर्चीत बसले.

मी संगणक उघडला. पाच मिनिटांत सगळं दिसलं. मामांनी चांदणी आदल्या वर्षी कंधारकडच्या संभाजी नावाच्या शेतकऱ्याला दिली होती. आणि संभाजीकडं आधीच एक चांदणी होती, वानेरा. विकत आणलेल्या गाईचं नाव आपल्याकडं बदलत नाहीत, तिला तिच्याच नावानं हाक मारतात. त्यामुळे साहेबांनी हसण्यावारी नेलेल्या दोन चांदण्या एका गोठ्यात उभ्या राहिल्या. मामांच्या चांदणीचं फोल्डर उचलून संभाजीकडं गेलं, तिथल्या चांदणीच्या फोल्डरमध्ये मिसळलं, आणि पुढं वानेराचे नवे फोटो चढले तेव्हा शेवराचे तिन्ही पुसून गेले. रोजची नक्कल आम्ही ठेवायचो, पण सर्व्हरवर जागा कमी, म्हणून पंधरवड्यापलीकडची टिकत नव्हती. विक्रीच्या वेळी तरी ओळख पटावी म्हणून कानात बिल्ला असतो, तो चांदणीनं बाभळीला कान घासून केव्हाच तोडला होता. नंतर नव्या मालकाकडं नवा बिल्ला, नवा नंबर.

साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘एका गोठ्यात दोन चांदण्या?’ मी म्हटलं, ‘हो साहेब. हाक मारली तर दोन्ही येत असतील.’ मला तेव्हा राग आला होता आणि तो लपवावासा वाटला नाही.

पण रागानं फोटो परत येत नाहीत. मी ठरवलं की परवापर्यंत हा खोंड बडवला जाऊ द्यायचा नाही, मग काही होवो. डोकं शांत करून विचार केला तेव्हा एक गोष्ट आठवली. यादीच्या पानावर दाखवायला वेबसाइट प्रत्येक जनावराच्या डाव्या बाजूच्या फोटोची एक नखाएवढी छोटी प्रत आपणहून तयार करते. त्या छोट्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात. ते फोल्डर साहेबांना कधी दिसलंच नव्हतं, म्हणून त्याच्या मांडणीत कुणी हात घातला नव्हता. तिथे शेपटं होती. म्हणजे तिथे कुणी कुणाच्या जागी बसलं नव्हतं.

फोल्डर उघडलं. पडदाभर लहान लहान जनावरं, खाली सरकवावं तितकी येतच होती. नावावरून काही कळेना, अर्ध्या संस्थेच्या गाई चांदण्या, कपिला नि लक्ष्म्या. मी मामांची खुर्ची जवळ ओढली. ‘मामा, चांदणी दिसली की सांगा.’

मामा पुढं वाकून बघत राहिले. चहा आला, गार झाला. मी पानं सरकवत होते. मग त्यांनी एकदम पडद्यावर बोट ठेवलं. ‘थांब.’

ठिपक्यांची गाय, डावी बाजू. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. ‘हीच ना चांदणी?’

मामांचं बोट गाईवरून पुढं सरकलं. गाईच्या पुढं, दावं धरून, हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती.

‘सरू हाय,’ ते म्हणाले. ‘माही बायको. गाय कुणालाच उभी ऱ्हात नव्हती, तिलाच ऱ्हायची. म्हून तिनंच धरली व्हती.’ सरूमामी आदल्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. त्या गेल्यावर गाईचं दूध काढणारं कुणी उरलं नाही, म्हणून चांदणी दिली होती. त्यांचा घरात दुसरा फोटो होता तो आधार कार्डावरचा.

ही प्रत नखाएवढी होती. मोठा फोटो, ज्यात मामींचा चेहरा नीट दिसला असता, तो माझ्या प्रोग्रॅमनं कायमचा पुसला होता. साहेबांच्या सांगण्यावरून पुसला, हे खरं. दोष कुणाचा यावर मी आणि साहेब अजूनही वाद घालतो. त्या दिवशी मात्र वाद घालायला वेळ नव्हता.

छोटी प्रत एकटी पुरणार नव्हती, तिच्यात नाकाड दिसत नव्हतं. पण खुद्द गाय जिवंत होती, कंधारला. ठिपके काही बदलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे नवे फोटो काढून छोट्या प्रतीशी जुळवायचे, एवढाच मार्ग होता. मामांना मी घरी मुक्कामाला ठेवलं आणि साहेबांना पुन्हा फोन केला.

‘साहेब, उद्या फोटो काढते. पण त्याआधी मांडणी बदलणार.’

‘आधी तपासणी होऊ द्या, मॅडम. मग निवांत बदलू.’

‘आज बदलणार. नाही तर उद्याचे फोटो पुन्हा त्याच दोन चांदण्यांच्या फोल्डरमध्ये जातील. मी या कपाटात आता एकही फोटो ठेवणार नाही.’

साहेबांनी सुस्कारा सोडला. ‘करा काय करायचं ते.’

संध्याकाळी ओळी लिहीत बसले होते तेव्हा मामा पिशवी उघडून काहीतरी न्याहाळत होते. जुनं दावं होतं, गळ्याशी घासून मऊ झालेलं. मी विचारलं तर म्हणाले, ‘चांदणीचं. सरदारच्या गळ्यात असते, आज निघताना पुरावा म्हून सोडून आणलं. उद्या तिला वास देतो. मला इसरली असंल तर ह्याला तर वळखील.’

‘विकताना दावं दिलं नाही होय?’

‘दावं कोण देतंय माय? जनावर द्यावं, दावं घरीच ठेवावं. नवा मालक त्याचं आणतो. दस्तूरच हाय तो.’

दस्तूर मलाही ठाऊक होता, माझ्या माहेरीही खुंटीला जुनी दावी असत. पण आपण लिहितोय ते याच्याच विरुद्ध चाललं होतं, हे त्या क्षणी डोक्यात बसलं. साहेबांच्या मांडणीत जनावराबरोबर दावंही निघून जात होतं. विक्रीबरोबर फोल्डर हलवणाऱ्या ओळी मी पुसल्या आणि नियम लिहिला. फोटो जिथे पहिल्यांदा चढला तिथेच राहणार. फोल्डर जनावराच्या संस्थेतल्या नोंदणी क्रमांकाचं, बिल्ल्याच्या नंबरचं नव्हे. मालक बदलला तर फक्त तक्त्यातलं मालकाचं नाव बदलणार, फायलीला कुणी हात लावणार नाही. त्याच नावाची दुसरी फाईल आली तर तिला शेपूट. साहेबांना वाचायला सोपं पडावं म्हणून पडद्यावर दिसायला गाव, मालक, चांदणी असंच ठेवलं. दिसणं वेगळं, असणं वेगळं, एवढं साधं होतं. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात आखूड प्रोग्रॅम असेल.

सकाळी जीप करून कंधारला गेलो. संभाजी भला माणूस, त्यानं दोन्ही गाई दारात आणून बांधल्या. एक काळ्या तोंडाची, एक ठिपक्यांची. मामांनी दावं पुढं केलं. शेवरा चांदणीनं ते हुंगलं, मग त्यांच्या हाताला नाकाड लावून उभी राहिली ती हललीच नाही. मी डावा फोटो घेतला, उजवा घेतला, नाकाडाचा घेतला. वशिंडाखाली तीन ठिपके, त्यातला मधला पिंपळपानासारखा. छोट्या प्रतीतही तेच. तिथूनच मोबाइलवरून चढवले आणि चढलेली जागा स्वतः दोनदा तपासली.

मामा संभाजीला एवढंच म्हणाले, ‘बरी ठेवली बाबा.’

तपासणीच्या दिवशी सरदार झूल न घालता उभा केला होता. डॉक्टरांनी छोटी प्रत पाहिली, नवे फोटो पाहिले, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिले. त्यांनी विचारलं, ‘मग तो वानेराचा फोटो कुठून आला?’ मी तोंड उघडणार तोच बिराजदार साहेब उभे राहिले. पारावर बोलणारी सगळी माणसं समोर होती. साहेब म्हणाले, ‘माझ्या कपाटाच्या हट्टामुळं आला. नागनाथरावांचा शब्द खरा आहे.’ आयुष्यात कागद गहाळ न झालेल्या माणसाला हे जड गेलं असणार. त्या दिवसापासून मी त्यांना मानते, भांडते तरी.

सरदार निवडला गेला. आज त्याची वासरं तालुकाभर आहेत आणि प्रत्येकाचे फोटो आपापल्या नंबरात जागच्या जागी आहेत.

त्यानंतर मी केलेल्या एकाही वेबसाइटवर नवी फाईल जुनीच्या जागी बसत नाही. ग्राहक देव असो की आणखी कुणी. माझ्याकडं काम द्यायचं तर शेपूट सहन करावं लागेल, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. दोन-तीन कामं त्यापायी गेली. जाऊ देत.

काही महिन्यांनी मामा पुन्हा आले, या वेळी चुलीवर भाजलेल्या शेंगा घेऊन. म्हणाले, ‘माय, तो बारका फोटो मोठा करून दे. भिताडाला लावतो.’

मी खूप खटपट केली. मोठा करावा तसे चौकोन दिसत, लुगड्याचा हिरवा रंग पसरे आणि चेहरा नाहीसा होई. मला माहीत होतं की हे होणार, तरी मी एकेक प्रोग्रॅम लावून बघत राहिले. शेवटी मामांनीच माझा हात धरला.

‘ऱ्हाऊ दे. लहान कर परत.’

मी लहान केला. नखाएवढ्या चौकटीत हिरव्या लुगड्यातली बाई गाईचं दावं धरून उभी राहिली.

‘हाव,’ मामा म्हणाले, ‘आता वळखू येती.’

त्याच मापाचा छापून मी त्याला प्लास्टिकचं आवरण घालून दिलं. त्यांनी तो पटक्याच्या घडीत ठेवला आणि उदगीरची बस धरायला निघाले.